ज्याने खरं सांगितलं, त्याच्याच हातून स्टिअरिंग का काढलं?

प्रति,
बडोद्यातले बसमालक, स्टाफ-बसचे कंत्राटदार आणि स्कूल वर्धी (मुलांची शाळेत ने-आण करणाऱ्या गाड्या) चालवणारे मालक,
त्यांना काम देणाऱ्या कारखान्यांचे व्यवस्थापक व शाळांचे विश्वस्त,
तसेच प्रादेशिक परिवहन कार्यालयातील अधिकारी यांस

विषय : दारू सोडलेल्या ड्रायव्हरांना कायमचं कामाबाहेर ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी रावपुऱ्यातल्या एका दुकानात हिशेब लिहिते. माझे मिस्टर हेवी लायसन्सचे ड्रायव्हर. हालोल, मंजुसर, वाघोडिया या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या स्टाफ-बस त्यांनी अर्धं आयुष्य चालवल्या. त्यांना दारूचं व्यसन होतं. उपचार घेऊन त्यांनी दारू सोडली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. यातली बहुतेक वर्षं ते पुन्हा बसवरच होते. या काळात त्यांच्या हातून अपघात झाला नाही, कुठल्या प्रवाशाची तक्रार आली नाही.

यंदा त्यांच्या कंत्राटदाराने सगळ्या ड्रायव्हरांकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात विचारलं होतं, ‘आपण कधीही व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आहेत का?’ ह्यांनी ‘हो’ लिहिलं. थोड्याच दिवसांत सुपरवायझरचा फोन आला, उद्यापासून येऊ नका. कारण विचारलं तर ‘वरून ऑर्डर आहे’ एवढंच. लेखी काही नाही. मग हे दुसऱ्या मालकांकडे गेले. हेवी ड्रायव्हर मिळत नाही म्हणून जे शेठ पूर्वी स्वतः फोन करायचे, त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. कुणी सरळ नाही म्हणालं, कुणी ‘बघून सांगतो’ म्हणालं. सध्या ते एका गोदामात माल चढवायचं-उतरवायचं काम करतात.

त्या कंत्राटदाराचं नाव मी इथे लिहीत नाही. एका माणसाला बदनाम करून माझं काही भागणार नाही. तो जे आज करतो आहे ते उद्या तुम्ही सगळे कराल, ही माझी काळजी आहे. माझं नावही देत नाही. माझे मिस्टर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जातात, मी व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या गटात जाते. या गटांमध्ये नाव जाहीर न करण्याचा नियम आहे आणि तो मी पाळते.

तुमची भीती मला कळते. मार्च 2025 मध्ये होळीच्या रात्री कारेलीबागेत भरधाव गाडीने लोकांना उडवलं, एका बाईचा जीव गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, हा केंद्रीय वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. पन्नास माणसं ज्याच्या हवाली करायची तो ड्रायव्हर पूर्ण शुद्धीत असला पाहिजे, याबद्दल तुमच्यात आणि माझ्यात दुमत नाही. माझी तक्रार अशी आहे की तुम्ही नेमकं तेच तपासत नाही. जुना कागद तपासता आणि आजचा श्वास तपासत नाही.

आधी त्या प्रश्नाबद्दलच लिहिते. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल 2019 मध्ये आला. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेली माणसं देशात सुमारे 2.9 कोटी आहेत, आणि अशा दर 38 माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले आहेत, असं त्यात नोंदवलं आहे. आता तुमचा फॉर्म या 38 जणांपुढे ठेवा. सदतीस जण ‘नाही’ लिहितील आणि ते खोटंही नसेल, कारण उपचार त्यांनी घेतलेलेच नाहीत. ‘हो’ लिहील तो एकटा, ज्याने स्वतःहून डॉक्टरचं दार ठोठावलं. त्याला तुम्ही घरी पाठवता आणि सदतीस जणांच्या हातात किल्ली देता. यातून बसमधला कोण सुरक्षित झाला?

शिवाय उरलेले ड्रायव्हर हे सगळं बघत असतात. ह्यांना काढल्याचं कळल्यावर त्यांच्याबरोबर काम केलेला एक जण घरी आला. तरुण आहे, लहान मुलं आहेत, रोज रात्री पितो. त्याने ह्यांच्याकडून मीटिंगचा पत्ता घेतला होता आणि जायचं जवळपास ठरवलंही होतं. तो मला म्हणाला, ‘भाभी, आता नको. तिथे कुणी बघितलं तर नोकरी जाईल.’ तो आजही बस चालवतो आहे आणि आजही पितो आहे. तुमच्या एका फॉर्मने एवढं केलं.

आपल्या राज्यात ही लपवाछपवी आधीपासूनच जास्त आहे. 1 मे 1960 रोजी गुजरात वेगळं झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. मुळातला कायदा 1949 चा, जुन्या मुंबई राज्याचा. परमिटशिवाय पिणं हाच गुन्हा. दारूबंदीच्या मी विरोधात नाही, माझ्या घरात जे झालं त्यानंतर असूच शकत नाही. पण दारू इथे मिळते हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पोटली (दारूची पिशवी) कुठे मिळते हे आमच्या भागातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. जुलै 2022 मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत विषारी दारूने चाळीसहून जास्त माणसं गेली. अशा ठिकाणी ‘मला व्यसन आहे’ असं म्हणणं म्हणजे आपण कायदा मोडला हेही कबूल करणं. म्हणून घरातलं माणूस उपचाराला नेलं की आम्ही बायका शेजारी सांगतो, गावाला गेलेत, कावीळ झाली आहे. डॉक्टरला सांगताना आवाज खाली जातो. एवढं सगळं ओलांडून एखादा माणूस उपचार घेतो आणि पुढे विचारल्यावर ते लिहूनही देतो. त्याला शिक्षा मिळते हे दिसलं, की दुसरा कुणी लिहून देणार नाही.

दुसरी तक्रार कायद्याची. मी काही वकील नाही, पण ओळखीच्या वकिलांकडे बसून कलमं समजून घेतली आहेत. मोटार वाहन कायदा 1988, कलम 19. जो माणूस अट्टल दारूबाज आहे त्याचं लायसन्स निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. पण त्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि निकालावर अपील करता येतं. सरकारी अधिकाऱ्यालाही जे सुनावणीशिवाय करता येत नाही, ते एका सुपरवायझरने फोनवर केलं.

कलम 185 बघा. 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू घेऊन गाडी चालवताना जो पकडला जातो, त्याला पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. कोर्टाने त्याला कमीत कमी सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं असतं. म्हणजे पिऊन चालवताना प्रत्यक्ष सापडलेल्या माणसालाही कायद्याने मुदत ठरवून दिली आहे आणि ती संपली की तो परत स्टिअरिंगवर बसू शकतो. माझ्या मिस्टरांवर असा गुन्हा कधी दाखल झाला नाही. त्यांचं लायसन्स चालू आहे, मेडिकल करून रिन्यू झालेलं आहे. तरी त्यांना जी शिक्षा तुम्ही दिलीत तिला मुदतच नाही.

आणखी एक. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि ड्रग्जच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात, आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. ह्यांच्याकडून उपचार केंद्राचा डिस्चार्जचा कागद मागितला गेला आणि ऑफिसात चार लोकांसमोर तो वाचला गेला. ज्यांनी तो वाचला त्यांचा उपचारांशी काडीचाही संबंध नव्हता.

तिसरी तक्रार मला सगळ्यात मोठी वाटते, म्हणून तिथे जरा थांबते. तुमच्या यार्डात पहाटे काय होतं हे मला ठाऊक आहे, कारण डबा घेऊन मी कितीतरी वेळा तिथे गेले आहे. पहिल्या शिफ्टच्या बस सहाच्या आत निघतात. डिझेल बघतात, हवा बघतात, फिटनेसचा कागद बघतात. ड्रायव्हरकडे कुणी बघत नाही.

रक्तातली दारू उतरायला वेळ लागतो. 100 मिलीलिटर रक्तामागे साधारणपणे तासाला 15 मिलिग्रॅम, कुणाची जरा हळू, कुणाची जरा भरभर. रात्री बाराला ज्याच्या रक्तात 150 मिलिग्रॅम होती त्याच्या रक्तात सकाळी सहाला 60 उरते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. आंघोळीने, चहाने, लिंबाने किंवा तोंडात मसाला टाकून ती कमी होत नाही. तो माणूस नीट चालतो, नीट बोलतो, त्याला स्वतःलाही वाटतं की आपण ठीक आहोत. गोल्डन चोकडीवरून हायवेला लागताना त्याच्या मागे पन्नास माणसं झोपलेली असतात. पोलिसांची तपासणी असते ती रात्री, त्यातही 31 डिसेंबरला जास्त. पहाटेच्या पहिल्या ट्रिपला तपासणारं कुणी नाही, आणि ते काम पोलिसांआधी तुमचं आहे.

आणि एक धोका तुमच्या फॉर्ममुळे वाढला आहे, तो कुणाच्या लक्षातच आलेला नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने डॉक्टरच्या देखरेखीशिवाय अचानक बंद केली, तर शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत त्याला फिट येऊ शकते. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. उपचार केंद्रात पहिले दिवस औषधं देऊन झोपवून ठेवतात ते यासाठीच. आता तुमच्या तपासणीच्या धास्तीने एखादा ड्रायव्हर कुणाला न सांगता घरीच बंद करतो आणि सुटी मिळत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी ड्युटीवर येतो, असं समजा. त्याचा श्वास साफ निघेल आणि तरीही तो बस चालवायच्या स्थितीत नसेल. त्याने येऊन सांगितलं पाहिजे की मला आठ-पंधरा दिवस द्या, मी उपचार घेतो. सांगितल्यावर नोकरी जाणार असेल तर तो का सांगेल?

आता तुमचा जो खरा आक्षेप आहे त्याकडे येते. ‘परत प्यायला लागला तर?’

हा धोका खरा आहे आणि मी तो लहान करून सांगणार नाही. मीटिंगमध्ये आम्ही घसरलेली माणसं बघतो. सोडल्यानंतरचे पहिले महिने सगळ्यात कठीण असतात, पहिलं वर्षभर पायाखालची जमीन पक्की नसते. कालच केंद्रातून आलेल्या माणसाला उद्या स्कूल वर्धीवर बसवा असं मी म्हटलं तर मला वेड्यात काढा. एका शाळकरी मुलीच्या आईने मला विचारलं, तुम्ही तुमच्या पोराला अशा ड्रायव्हरच्या गाडीत पाठवाल का? मी म्हटलं, ज्याने बरीच वर्षं दारूला हात लावला नाही आणि ज्याचा रोज सकाळी श्वास तपासला जातो, त्याच्या गाडीत निश्चिंत पाठवेन. ज्याला कधीच कुणी तपासलं नाही त्याच्या गाडीत पाठवताना मला भीती वाटेल. तिने विचार केला आणि मान हलवली.

वेळ किती जाऊ द्यायचा, हे ठरवता येतं. इंग्लंडमध्ये दारूच्या व्यसनामुळे बस-ट्रकचं लायसन्स गेलं, तर तीन वर्षं व्यसनमुक्त राहिल्याशिवाय ते परत मिळत नाही; साध्या मोटारीसाठी हीच मुदत एक वर्षाची आहे. अमेरिकेत ड्युटीवर दारूच्या तपासणीत सापडलेल्या ट्रक-बस ड्रायव्हरला आधी तज्ज्ञाकडे जाऊन उपचार पुरे करावे लागतात, मग परतीची टेस्ट, आणि परतल्यानंतर पहिल्या बारा महिन्यांत कमीत कमी सहा वेळा न सांगता तपासणी. ही तपासणी पाच वर्षांपर्यंत चालू ठेवता येते. फ्रान्समध्ये 2015 पासून प्रवासी बसमध्ये असं यंत्र सक्तीचं आहे की ड्रायव्हरने फुंकल्याशिवाय आणि ती फुंकर साफ निघाल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. विमानाचे पायलटसुद्धा अमेरिकेत 1970 च्या दशकापासून उपचार आणि कडक देखरेखीनंतर परत विमान चालवत आले आहेत. आकाशात दोनशे माणसं घेऊन जाणाऱ्याला परतीची वाट आहे. हालोलच्या बसवाल्याला का नाही?

आणि हे काही परदेशातच होतं असं नाही. आमच्या ओळखीतले एक लोको पायलट, म्हणजे रेल्वे इंजिनाचे ड्रायव्हर, प्रतापनगरला राहायचे. लॉबीत साइन-ऑन करताना, म्हणजे ड्युटीची हजेरी लावताना, रोज ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकावं लागतं, त्याशिवाय इंजिनावर जाता येत नाही, हे त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण सगळ्यांनाच फुंकावं लागतं. आपल्या हरणी विमानतळावरून उडणाऱ्या पायलटांनाही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम लागू आहेत. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द. नियम कडक आहे, पण त्यात पायरी आहे.

बडोद्यात हे जमणारच नाही असं कुणी म्हणू नये. आमच्याच बाबतीत ते जमलं होतं. ह्यांचे जुने शेठ गुजराती, फार शिकलेले नव्हते, त्यांनी यातला एकही कायदा वाचलेला नसेल. ह्यांचं पिणं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, बेन, याला गाडी देणार नाही, पण याचं नाव रजिस्टरमधून काढणारही नाही. उपचाराला पाठवा. परत आल्यावर बरेच महिने त्यांनी ह्यांना गॅरेजमध्ये ठेवलं. पंक्चर, ऑइल, धुणं, किल्ली नाही. रोज सकाळी शेठ स्वतः समोर उभे राहून बोलायचे, तोंडाचा वास घ्यायचे. ह्यांना त्याचा राग येत नव्हता. उलट, रोज कुणीतरी विचारणारं आहे याचा आधार वाटायचा, असं ते आजही म्हणतात. मग मालाची छोटी गाडी दिली, तीही दिवसाची. शहराबाहेर मुक्काम नाही. त्यानंतर स्टाफ-बसवर बदली ड्रायव्हर, आणि बऱ्याच काळाने कायमची बस. मध्ये एकदा लग्नाची पार्टी घेऊन जायची ट्रिप आली, ह्यांनी स्वतःच सांगितलं की तिथे रात्रभर पिणं चालेल, मला पाठवू नका. शेठनी दुसऱ्याला पाठवलं आणि त्या दिवसाचा पगार कापला नाही. पुढे त्यांनी धंदा विकला. नवीन माणूस आला, नवीन फॉर्म आला.

हे मी आठवण म्हणून सांगत नाही. शेठनी जे मनाने केलं ते नियम म्हणून लिहिता येतं, एवढंच मला म्हणायचं आहे. मालक चांगला निघाला तर ड्रायव्हर वाचेल आणि प्रवासीही वाचतील, यावर सगळं सोडता येणार नाही.

चौथी गोष्ट थोडक्यात लिहिते, कारण ती सगळ्या ड्रायव्हरांची आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा; नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली आहे. जुन्या कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम असं लिहिलं होतं, आणि दिवसाला आठ तासांची मर्यादा नव्या संहितेतही आहे. लग्नसराईत, नवरात्रात, डाकोरच्या पौर्णिमेला तुमच्याकडे सलग किती तास गाडी चालवून घेतात, हे तुमचेच ट्रिप-शीट सांगतील. झोप नसलेला ड्रायव्हर पिलेल्या ड्रायव्हरइतकाच धोक्याचा असू शकतो. आणि मीटिंगमध्ये पहिल्याच दिवसापासून शिकवतात की उपाशी राहू नका, राग धरून बसू नका, एकटे पडू नका, फार थकू नका, कारण याच चार दारांनी दारू परत आत येते. डबल ड्युटीत ही चारही दारं उघडी असतात. रात्रभर गाडी हाकून हायवेवर पहाटे उतरलेल्या माणसाला ‘थकवा घालवायला’ पहिला पेला कोण देतो, ते ड्रायव्हर लोकांना विचारा.

आता आमच्या मागण्या. ‘आमच्या’ म्हणते, कारण माझ्या गटातल्या इतर घरांशी बोलूनच हे लिहिते आहे.

‘कधीही उपचार घेतले आहेत का’ हा प्रश्न फॉर्ममधून काढा. त्याऐवजी विचारा की कलम 185 खाली शिक्षा झाली आहे का, लायसन्स कधी निलंबित झालं होतं का. हे कागदावर पडताळता येतं आणि याचा संबंध थेट गाडीशी आहे.

प्रत्येक यार्डात ब्रेथ ॲनालायझर ठेवा आणि दिवसाच्या पहिल्या ट्रिपआधी प्रत्येक ड्रायव्हरची तपासणी करा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, नवा असो, जुना असो, शेठचा भाचा असो. आकडा रजिस्टरमध्ये लिहा, मशीन वेळच्या वेळी कॅलिब्रेट करून घ्या. माउथवॉश किंवा खोकल्याच्या औषधाने कधी चुकीचा आकडा येतो, म्हणून पंधरा मिनिटांनी दुसऱ्यांदा तपासा. बसचं बॉडीकाम, रंग, स्टिकर यांवर तुम्ही जो खर्च करता त्यापुढे हा खर्च मोठा नाही. कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी आणि शाळांच्या विश्वस्तांनी कंत्राट देताना हे रजिस्टर मागावं. तुम्ही मागितलंत तर कंत्राटदार ठेवेल, नाही मागितलंत तर ठेवणार नाही.

ड्युटीवर जो पिऊन आला त्याला त्याच क्षणी गाडीवरून उतरवा. तिथे दयामाया नको, माझे मिस्टर असले तरी नको. पण जो पकडला जाण्याआधी स्वतः येऊन सांगतो की मला उपचार हवेत, त्याला रजा द्या, त्याची जागा ठेवा, आणि ही गोष्ट मालक आणि डॉक्टर यांच्यापलीकडे जाऊ देऊ नका. 14446 हा सरकारी मोफत हेल्पलाइन नंबर आहे, तो यार्डातल्या भिंतीवर गुजराती, हिंदी, मराठीत लावा.

परतीची वाट लेखी ठरवा. सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागातल्या किंवा कारेलीबागेतल्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयातल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र, त्यानंतर ठरावीक काळ गाडीशिवायचं काम, मग दिवसाची मालाची छोटी गाडी, मग प्रवासी बस, आणि या सगळ्या काळात न सांगता तपासणी. प्रवासी बससाठी तीन वर्षं म्हणालात तरी आमची तक्रार नाही. शाळेच्या मुलांसाठी त्याहून जास्त ठेवा. जो ड्युटीवर असताना पुन्हा पिऊन सापडेल त्याला प्रवासी गाडी परत देऊ नका, हेही त्यातच लिहा. पण जे ठरेल ते कागदावर असू द्या, म्हणजे माणसाला कळेल की आपल्याला किती चालायचं आहे.

आठ तासांचा कायदा पाळा.

परिवहन कार्यालयातील साहेबांना विनंती अशी की मालक, शाळा, सरकारी डॉक्टर आणि दारू सोडलेले ड्रायव्हर यांची एकत्र बैठक आपण बोलवावी. कुणाचं लायसन्स धोक्याचं वाटत असेल तर कलम 19 ची सुनावणी आपल्या कार्यालयात व्हावी. सुपरवायझरच्या फोनवर कुणाची रोजी ठरू नये.

आणि शेवटची मागणी माझ्या घराची. माझ्या मिस्टरांना काढायचं कारण लेखी द्या आणि त्यांचं म्हणणं एकदा ऐकून घ्या. त्यांची सगळी कागदपत्रं, डॉक्टरांचा अहवाल, जुन्या शेठचं पत्र तयार आहे. रक्त, लघवी, श्वास, जी तपासणी सांगाल ती, सांगाल त्या दिवशी करायला ते तयार आहेत. या पत्राचं उत्तर आपल्यापैकी कुणीतरी लेखी द्यावं. बैठक ठरवलीत तर आम्ही दोघं येऊ, आणि तिथे समोरासमोर नाव सांगायला आमची हरकत नाही.

आपली,
एका ड्रायव्हरची बायको,
बडोदे